ऑक्टाव्हिया १.८ टर्बोचा डाउनपाइप घरीच तयार करायचा आहे : पाइप, जाळी आणि वेल्डिंगबद्दल सल्ला हवा

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टर्बो आरएस आहे. नोंदणी वाशीची आहे, पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण रीतसर झालेले आहे आणि इंजिनाची तब्येत अजूनही उत्तम आहे. टर्बोतून निघून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडे, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या 'कॅट'कडे जाणारा जो डाउनपाइप असतो, त्याची लवचीक जाळी गेल्या पावसाळ्यात फाटली. एका गॅरेजमध्ये ती बाहेरून साध्या रॉडने वेल्ड करून दिली, पण दोन महिन्यांत त्याच वेल्डच्या कडेने पुन्हा चीर गेली. दुसऱ्या खेपेस जाळी कापून काढली आणि तिच्या जागी सरळ पाइपचा तुकडा जोडला. त्यानंतर चीर आणखी वर, टर्बोच्या फ्लँजपाशी, म्हणजे बोल्टने आवळायच्या जाड तबकडीपाशी पडली. आता इंजिन थंड असताना सुरू केले की फटफट आवाज येतो आणि खिडकी उघडी असली तर धुराचा वास आत येतो, म्हणून मुलांना घेऊन ही गाडी बाहेर काढणे मी बंद केले आहे.

नवीन मूळ भाग बरेच दिवस शोधला. वापरलेला एक मिळाला, पण तोही माझ्या पाइपाइतकाच थकलेला होता. तेव्हा हा पाइप आपणच तयार करावा असे ठरवले आहे. मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. घरी २०० अँपिअरचे इन्व्हर्टर टिग मशीन (टंगस्टनच्या टोकाने आणि आर्गॉनच्या आवरणात वेल्ड करणारे) आहे, आर्गॉनचे सिलिंडर आहे आणि घर रो-हाउस असल्यामुळे पुढे तीन बाजूंनी उघडी शेड आहे. गेले चार रविवार १.६ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेसच्या तुकड्यांवर सराव करतो आहे. वरून शिवण सरळ येते, पण तुकडा उलटला की आतल्या बाजूला काळे, दाणेदार, साखर जळाल्यासारखे काहीतरी साचलेले दिसते.

काढलेला जुना पाइप समोर ठेवूनच हे लिहितो आहे. पहिली जाळीही मी जपून ठेवली होती. तिच्या विणीच्या तारा एका बाजूने ओळीने तुटलेल्या आहेत, तर दुसरी बाजू जवळजवळ नव्यासारखी आहे. गाडीची ताकद वाढवणे हा माझा हेतू नाही आणि कॅट मी काढणार नाही. पाइप ६३.५ मिलिमीटरचा घ्यावा की ७६ चा, ३०४ स्टेनलेस घ्यावे की साधे लोखंड, चांगले बेंड आपल्याकडे कुठे मिळतात, फ्लँज वाकडा होऊ नये म्हणून काय करावे आणि एवढ्या अडचणीच्या जागेत पाइपचे नेमके वळण कसे मापावे, या सर्व गोष्टींवर अनुभवी माणसांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

वागळे फॅब्रिकेशन

ऐरोलीकर, आपल्या लिखाणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण जाता जाता सांगितली आहे, ती म्हणजे जाळीच्या तारा एकाच बाजूने तुटल्या आहेत. गंजाने किंवा उष्णतेने गेलेली जाळी चहूबाजूंनी सारखीच ठिसूळ होते. एका बाजूने तुटलेली जाळी मात्र रोज एकाच दिशेने वाकवली गेलेली असते. आपल्या गाडीत इंजिन आडवे बसवलेले आहे, त्यामुळे पाय दाबला की ते माउंटवर मागे-पुढे डोलते आणि त्याला बोल्टने आवळलेला डाउनपाइपही त्याच्याबरोबर डोलतो. हे डोलणे आवरण्याचे काम खाली सबफ्रेमला जोडलेले माउंट करते. त्याचा आकार हाडासारखा असल्यामुळे मेकॅनिक त्याला डॉगबोन म्हणतात. त्याचे रबर फाटले असेल तर जाळीवर पडणारा वाक कितीतरी वाढतो. त्या गॅरेजने जाळी काढून सरळ पाइप टाकला तेव्हा ही हालचाल नाहीशी झाली नाही. तिला जाळीत जागा उरली नाही म्हणून ती वर सरकली आणि सर्वांत कडक सांध्यावर, म्हणजे फ्लँजपाशी, तिने वाट काढली. तेव्हा पाइपला हात लावण्याआधी ते माउंट तपासा. इंजिन बंद असताना, गाडी स्टँडवर पक्की ठेवून, पहारीने इंजिनाचा खालचा भाग पुढे-मागे ढकलून पाहा. रबराची चीर उघडताना डोळ्यांना दिसेल. आधी माउंट बदला, मगच पाइपचे माप घ्या, कारण खराब माउंटवर इंजिन जिथे बसते तिथे ते नव्या माउंटवर बसणार नाही आणि घेतलेले माप चुकेल.

व्यासाच्या प्रश्नात फार वेळ घालवू नये. बाहेरून ६३.५ आणि १.६ जाडी म्हणजे आतून ६०.३ मिलिमीटर, अर्थात सुमारे साडेअठ्ठावीस चौरस सेंटिमीटरचा मार्ग. तोच ७६.२ च्या पाइपात जवळजवळ बेचाळीस होतो, म्हणजे दीडपटीच्या आसपास. मूळ टर्बो आणि मूळ ट्यूनिंग असलेल्या दीडशे अश्वशक्तीच्या इंजिनाला साडेअठ्ठावीस पुरेसे आहेत. ७६ चा पाइप घेतलात तर ड्राइव्हशाफ्टच्या आतल्या सांध्यापासून आणि सबफ्रेमपासून अंतर राखताना दमछाक होईल. इंजिन डोलते हे धरून सगळीकडे निदान पंधरा ते वीस मिलिमीटर मोकळे ठेवा.

आता खरे काम, म्हणजे पाइपला हलायला जागा देणे. ३०४ स्टेनलेस तापल्यावर चांगलेच वाढते. आपला तुकडा ७०० मिलिमीटरचा धरला आणि तापमान पाचशे अंशांनी वाढले असे मानले, तर लांबी सहा मिलिमीटरहून अधिक वाढते. साध्या लोखंडात तीच वाढ पावणेपाचच्या आसपास राहते. हे सहा मिलिमीटर दोन पक्क्या टोकांच्या मध्ये अडकले तर कुठलाही वेल्ड तग धरणार नाही. म्हणून जाळी हवीच. ती आत इंटरलॉकचे, म्हणजे एकमेकांत अडकवलेल्या पत्र्याच्या कड्यांचे अस्तर आणि बाहेर विणलेले आवरण असलेली घ्या, कारण अस्तर नसलेल्या जाळीचे पातळ पत्रे गरम वायूच्या थेट माऱ्याखाली येतात. बसवताना ती ताणलेली, दाबलेली किंवा पिळलेली नसावी. वाकणे ती सहन करते, पीळ सहन करत नाही. जाळीच्या टर्बोकडच्या बाजूला गाडीच्या बॉडीचा कुठलाही आधार देऊ नका. पहिला हँगर जाळीनंतर द्या आणि तोही मूळ रबराचाच ठेवा. काही जण आवाज कमी व्हावा म्हणून वरच्या पाइपला बॉडीशी पट्टी मारतात, आणि चीर हमखास त्याच पट्टीच्या कडेला पडते.

बेंडबद्दल सांगतो. मँड्रेलवर (आत दांडा घालून, पाइप चपटा न होऊ देता) वळवलेले एक्झॉस्टचे बेंड सुटे मिळवायला आपल्याकडे त्रास होतो, पण त्यांच्या तोडीची वस्तू आपल्या शेजारच्याच उद्योगांत रोज वापरली जाते. औषध आणि दुग्धव्यवसायातल्या पाइपलाइनला लागणारे ३०४ चे डेअरी बेंड ६३.५ मिलिमीटरच्या बाहेरच्या व्यासात आणि १.६ जाडीत मिळतात. ते आतून गुळगुळीत असतात आणि वळणावर चपटे झालेले नसतात. मुंबईत सी. पी. टँक आणि कुंभारवाडा भागात एक-दोन नगही देतात. कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये एवढ्या किरकोळ कामासाठी जाण्यात फारसा अर्थ नाही, तिथला व्यवहार मोठ्या मालाचा असतो. दुकानात मागताना 'दोन इंची' किंवा 'अडीच इंची' एवढेच म्हणू नका, 'ओडी (म्हणजे बाहेरचा व्यास) साडेत्रेसष्ट, डेअरी' असे स्पष्ट सांगा. नाहीतर एनबी मापाचा, म्हणजे आतल्या नाममात्र व्यासावरून ओळखला जाणारा पाइप हातात पडतो. दोन इंच एनबीचा बाहेरचा व्यास ६०.३ असतो आणि शेड्यूल १० या जाडीच्या श्रेणीत त्याची जाडी २.७७ असते. तो मीटरला चार किलोच्या घरात जातो, तर आपल्याला हवा असलेला अडीच किलोच्या आत बसतो. फरकाचे हे वजन टर्बोच्या फ्लँजवरच लोंबकळणार आहे. डेअरीचे बेंड घ्या, पण त्यांचे क्लॅम्प-जोड घेऊ नका, कारण त्यांतली पॅकिंग रबराची किंवा टेफ्लॉनची असते आणि ती पहिल्याच फेरीत जळून जाईल.

वळण मापण्यासाठी ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणा, शेतीच्या पाण्यासाठी वापरतात तो. बाहेरचा व्यास आपल्या पाइपाहून फक्त अर्धा मिलिमीटर कमी आहे. त्याचे तिरके काप काढून, चिकटपट्टीने आणि गरम गोंदाने जोडत, गाडीखाली पडूनच पूर्ण नमुना उभा करा. सांधे चुकले तर सोडवून पुन्हा लावता येतात आणि खर्च किरकोळ असतो. नमुना बसला की प्रत्येक सांध्यावर आडवी रेघ ओढून खुणा करा, म्हणजे स्टेनलेसचे बेंड कापताना कोन आणि पीळ दोन्ही जसेच्या तसे उतरतात.

घणसोलीतून

एवढा खर्च करण्यापूर्वी एक शंका मांडतो. माझ्या डिझेल गाडीला सायलेन्सरवाल्याने साध्या लोखंडाचा पाइप करून दिला होता आणि तो चार वर्षे उत्तम चालला. लोखंड कमी प्रसरण पावते असे आपणच म्हणता, मग तेच का वापरू नये? वेल्डिंगही सोपे आणि स्टेनलेसला वेल्ड करताना पाइपच्या आतून आर्गॉन सोडावा लागतो ती कटकटही नाही.

वागळे फॅब्रिकेशन

शंका रास्त आहे आणि साध्या लोखंडाला मी सरसकट नावे ठेवणार नाही. मात्र डिझेलचा धूर पेट्रोल टर्बोच्या मानाने बराच थंड असतो. पेट्रोल इंजिनावर पूर्ण भार असताना टर्बाइनच्या आधी वायू नऊशे अंशांच्या आसपास पोहोचू शकतो. टर्बाइनमधून जाताना तो शंभरेक अंश उतरला तरी जे उरते त्यात साध्या लोखंडाचे पापुद्रे सुटू लागतात. त्यावर खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. दोन-तीन वर्षांची सोय करायची असेल तर लोखंड चालेल, पण ते घ्यायचे तर काळा पाइप घ्यावा. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप कोणीही, कितीही स्वस्तात दिला तरी घेऊ नये. जस्त ९०७ अंशांना उकळते, वेल्डिंगच्या ज्वाळेपुढे त्याचा पांढरा धूर होतो आणि तो श्वासात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आमच्याकडच्या एका मुलाला मी तसा कुडकुडताना पाहिले आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

कळवा, निवृत्त वेल्डिंग निरीक्षक

ऐरोलीकर, आतल्या बाजूला जे दाणेदार काळे दिसते ते स्टेनलेसमधल्या क्रोमिअमचे हवेतल्या ऑक्सिजनशी झालेले ज्वलन आहे. वरच्या बाजूला टॉर्चमधला आर्गॉन धातूचे रक्षण करतो, पण खालची बाजू उघडी राहते. वेल्डर मंडळीही त्याला साखरच म्हणतात. ही साखर केवळ दिसायला वाईट नसते. तिच्या प्रत्येक दाण्याखाली एक खाच असते आणि तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत चीर तिथूनच सुरू होते. त्यामुळे आतून आर्गॉन भरण्याला, म्हणजे बॅक पर्जिंगला, या कामात पर्याय नाही असे माझे मत आहे. पाठीमागे लावायची पेस्ट मिळते, पण तिचा काचेसारखा थर नंतर सुटून वायूबरोबर थेट आपल्या कॅटमध्ये जाईल.

पर्जिंग घरी सहज जमते. पाइपची दोन्ही टोके आणि सेन्सरचे भोक अॅल्युमिनिअमच्या चिकटपट्टीने बंद करा. आर्गॉन हवेपेक्षा जड असतो, म्हणून नळी खालच्या टोकाने आत घाला आणि वरच्या टोकाला सुईच्या जाडीची दोन-तीन छिद्रे ठेवा, म्हणजे हवा वरून निघून जाते. ७० सेंटिमीटर लांबीच्या आपल्या पाइपात दोन लिटरची पोकळी आहे. तिच्या निदान दहापट वायू आत जाऊ द्यावा, म्हणजे वीस लिटर. मिनिटाला आठ लिटरच्या प्रवाहाने त्याला अडीच मिनिटे लागतात. त्यानंतर प्रवाह तीन-चार लिटरवर आणून वेल्डिंग सुरू करा. ही अडीच मिनिटे घड्याळ लावून मोजा, कारण हात शिवशिवत असताना एक मिनिटही पुष्कळ झाले असे वाटते. शेवटची शिवण बंद करताना आतला दाब किंचित जरी वाढलेला असला तरी वितळलेला धातू बाहेर फुगतो आणि भोक पडते, म्हणून वरची छिद्रे मोकळी आहेत याची त्या वेळी पुन्हा खात्री करा.

उघड्या शेडमध्ये सर्वांत मोठा शत्रू खाडीवरून येणारा वारा आहे. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधा आणि पंखा बंद ठेवा. मात्र चारही बाजू कोंडू नका. साचलेला आर्गॉन डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नसतो आणि तो खालच्या जागेतला ऑक्सिजन हटवतो. स्टेनलेसच्या धुरात क्रोमिअमचा विषारी प्रकार असतो, त्यामुळे तोंडाला रुमाल बांधून भागणार नाही, योग्य फिल्टरचा मास्क वापरा. आणखी एक गोष्ट, जी गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांना कोणी सांगत नाही. पाइप पुसायला ब्रेक क्लीनरचा फवारा कधीही वापरू नका. त्यात क्लोरीनयुक्त द्रावण असेल तर आर्कच्या उष्णतेने त्यापासून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होतो. अॅसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि डबा दूर नेऊन ठेवा.

१.६ जाडीला ४५ ते ६० अँपिअर, १.६ चे टंगस्टन आणि शक्य असेल तर गॅस लेन्स (टॉर्चमधला वायू एकसारखा सोडणारा भाग). पाइपाला पाइप जोडताना फट शून्य ठेवा. कापलेल्या दोन कडा एकमेकींवर टेकवून त्यांवरून नख फिरवा, नख अडकले तर कानस हातात घ्या. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८ एल ही फिलर तार चालते. जुन्या कॅटच्या कवचाला आधी लोहचुंबक लावून पाहा. तो घट्ट चिकटला तर कवच फेरिटिक स्टेनलेसचे आहे असे समजा आणि त्या सांध्याला ३०९ एल वापरा. शिवणीचा रंग गवती पिवळ्यापासून निळसर छटेपर्यंत आला तर समाधान माना. राखाडी आला तर उष्णता जास्त झाली आहे, अँपिअर कमी करा किंवा हात जलद चालवा.

फ्लँजसाठी १० मिलिमीटरची पट्टी घ्या. टर्बोच्या तोंडावर जाड कागद धरून कडांवर हातोडीच्या गोल डोक्याने हलके ठोकलेत तर भोकांचा आणि तोंडाचा नेमका ठसा कागदावर उतरतो. त्यावरून लेझर कटिंग करून देणारे आपल्या रबाळे-तुर्भे पट्ट्यात आहेत, हे आपल्याला ठाऊक असेलच. वेल्ड करताना फ्लँज २० मिलिमीटर जाडीच्या पाटावर चारही बोल्टांनी आवळून ठेवा. पाइप फ्लँजच्या पृष्ठभागापासून दोन-तीन मिलिमीटर आत बसवा, म्हणजे आतून घेतलेली शिवण गॅस्केटच्या आड येणार नाही. एकदम गोल फिरू नका. एक चतुर्थांश झाला की समोरचा चतुर्थांश, मधे थांबा, हाताला सोसेल इतके निवू द्या. आर्क जाड फ्लँजकडे झुकवा, पातळ पाइप आपोआप वितळेल. सर्व काम झाल्यावर पूर्ण थंड होईपर्यंत बोल्ट सोडू नका. घाई करून गरम असताना सोडलेला फ्लँज केळीच्या सालीसारखा उलटतो, हे मी कामावर कितीदा तरी पाहिले आहे.

गाडीवर फक्त टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरणारे वेल्डचे छोटे ठिपके मारा, पूर्ण वेल्ड टेबलावर करा. गाडीवर टॅक मारताना बॅटरीची ऋण वायर काढलेली असावी, अर्थचा चिमटा टॅकच्या अगदी जवळ पाइपलाच लावलेला असावा, दोन्ही ऑक्सिजन सेन्सर काढून ठेवलेले असावेत आणि ब्रेकच्या व पेट्रोलच्या नळ्यांवर ओले गोणपाट असावे. अग्निशामक हाताच्या अंतरावर ठेवा. टॅक मारून झाल्यावर अर्धा तास गाडीपाशीच थांबा.

सीवूड्स, वाहन कायदा

तांत्रिक बाजू जाणकारांनी सांगितलीच आहे, मी कायद्याची थोडक्यात सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ध्वनी आणि वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग झाला तर कलम १९०(२) लागते आणि पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून कॅट काढणार नाही हा ऐरोलीकरांचा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूळ कॅट, दोन्ही सेन्सर आणि पुढचे सायलेन्सर कायम ठेवून फाटलेल्या पाइपाच्या जागी त्याच कामाचा पाइप बसवणे ही माझ्या समजुतीप्रमाणे दुरुस्ती आहे. कॅट काढून मोकळा पाइप घालणे ही दुरुस्ती नव्हे, आणि पुढच्या नूतनीकरणाला गाडी तपासणीस उभी राहील तेव्हा ते लपणारही नाही.

ऐरोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते सविस्तर सांगतो.

वागळेच्या दादांचे निदान तंतोतंत खरे निघाले. पहार लावताच डॉगबोनचे रबर मधोमध फाकले, इतके की त्या चिरेत माझी करंगळी गेली. दोन वेळा पैसे देऊन पाइप दुरुस्त करून घेतला, पण एकदाही कोणी खाली वाकून ते माउंट पाहिले नव्हते. आधी ते बदलले. त्यानंतर पीव्हीसीचा नमुना करायला दोन संध्याकाळी लागल्या. पहिला नमुना ड्राइव्हशाफ्टच्या सांध्याला टेकला, दुसऱ्यात वरचा बेंड बारा अंश फिरवला तेव्हा सगळीकडे अठरा मिलिमीटर मोकळे मिळाले. तोच नमुना सोबत घेऊन कुंभारवाड्यात गेलो. दुकानदाराने तो हातात फिरवून पाहिला आणि माझे वाक्य पुरे होण्याआधीच योग्य बेंड काढून दिले.

बॅक पर्जिंगचा परिणाम पाहून मी थक्क झालो. पहिली शिवण झाल्यावर मोबाइलचा दिवा आत धरला, तर आतली बाजूही बाहेरच्यासारखीच चकचकीत, कडेला फक्त पिवळसर रेघ. शेवटची शिवण बंद करताना मात्र एक भोक पडलेच, कारण चिकटपट्टीवरचे एक छिद्र मीच नकळत अंगठ्याने दाबून धरले होते. ते कापून, घासून पुन्हा भरले. फ्लँज रात्रभर पाटावर आवळून ठेवला होता, तरीही सकाळी काचेवर ठेवून फीलर गेज घातला तेव्हा एका कानाखाली ०.३ मिलिमीटरची पाती जात होती. काचेवर एमरी कागद चिकटवून दीड तास घासल्यावर ०.०५ ची पातीही जाईना. जुन्या कॅटच्या कवचाला लोहचुंबक घट्ट चिकटला, म्हणून तिथे ३०९ एल वापरली.

आता दोन गोष्टी विचारतो. कॅटच्या आधीच्या सेन्सरसाठी जो बॉस (सेन्सर पिळून बसवायचा आट्यांचा गोल तुकडा) वेल्ड करायचा आहे, त्याची दिशा कशी ठेवावी? आणि गळती गाडीवर बसवण्यापूर्वी तपासता येईल का?

वागळे फॅब्रिकेशन

काम मनापासून केले आहे हे वाचताना जाणवते. सेन्सरचे टोक आडव्या रेषेपेक्षा निदान दहा अंश वरून खाली झुकलेले हवे. थंड इंजिन सुरू केल्यावर पाइपात पाण्याचे थेंब जमतात. सेन्सर खालच्या बाजूला असला तर ते त्याच्या तापलेल्या सिरॅमिकवर पडतात आणि ते तडकते. कॅटपासून आणि टर्बोपासून मूळ पाइपात जेवढे अंतर होते तेवढेच ठेवा, सेन्सरची वायर ताणली जाणार नाही हेही पाहा. बॉसचे आटे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि १.५ पिचचे असतात. वेल्ड करताना त्यात जुना, निकामी सेन्सर पिळून ठेवा, म्हणजे आटे उष्णतेने आवळले जाणार नाहीत.

गळतीसाठी एक टोक बंद करून दुसऱ्या टोकाला ब्लोअर लावा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी ब्रशने फिरवा. फुगा कुठे येतो ते लगेच दिसते. सेन्सरच्या आधी सूक्ष्म गळती राहिली तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ आहे असे सांगतो, संगणक विनाकारण जास्त पेट्रोल सोडतो आणि दोष मात्र इंजेक्टरच्या माथी मारला जातो.

ऐरोलीकर

साबणाच्या पाण्याने बॉसच्या मुळाशी एक बारीक फुगा दाखवला, तिथे पुन्हा हात मारला. काल पाइप बसवला. टर्बोकडचे नट नवे घेतले, आट्यांना उष्णता सहन करणारे अँटीसीझ लावले, सगळे बोल्ट आधी सैल ठेवले, जाळी आपल्या नैसर्गिक लांबीत मोकळी बसली आहे हे पाहिले आणि मग टर्बोकडून मागे या क्रमाने आवळत गेलो. इंजिन तीन वेळा पूर्ण तापवून निववल्यावर नट पुन्हा तपासले, तेव्हा दोन नट जवळजवळ अष्टमांश फेरा पुढे गेले. आज पीयूसी केली, ती विनातक्रार झाली. ऐरोली ते घोडबंदर जाऊन आलो, खिडक्या उघड्या ठेवून. आत वास नाही. उद्या मुलांना शाळेत याच गाडीतून सोडणार आहे.

एकच शेवटचा प्रश्न. दुकानात पाइपाला गुंडाळायची काचतंतूची पट्टी पाहिली. ती संपूर्ण पाइपावर गुंडाळावी का?

वागळे फॅब्रिकेशन

जाळीवर मुळीच गुंडाळू नका. विणीत कोंडलेली उष्णता तिला आतून खाते आणि तिचे वाकणेही अडते. उरलेल्या पाइपावरही मी ती टाळेन, कारण आपल्याकडच्या पावसात ती पट्टी ओली राहते आणि शिवणीच्या कडेने गंज धरतो. त्याऐवजी ड्राइव्हशाफ्टच्या रबरी बुटावर जो मूळ पत्र्याचा उष्णतारोधक होता, तो परत बसवला आहे ना, हे आजच पाहा. पाइप काढताना तो बाजूला ठेवला जातो आणि पुष्कळदा शेडच्या कोपऱ्यातच राहून जातो. मागे एका गाडीत त्या पत्र्याविना महिनाभरात बूट फाटून ग्रीस सगळीकडे उडालेले मी पाहिले आहे. पत्रा आणि नवा पाइप यांच्यात दहा मिलिमीटर तरी मोकळे ठेवा, कमी पडत असतील तर पत्रा वाकवा, पाइप नव्हे.

ऐरोलीकर

शेडमध्ये जाऊन पाहिले. पत्रा पीव्हीसीच्या नमुन्याखालीच होता. आज रात्रीच बसवतो.